टाकीकाकांचं विरजण

टाकीकाकांचं खरं नाव नोकरीच्या कागदांवर असणारच, पण ते कुणाच्या तोंडात नव्हतं. शहराच्या सांडपाण्याच्या प्लँटवर एकतीस वर्षं त्यांनी एकच टाकी सांभाळली, म्हणून ते टाकीकाका आणि त्यांची बायको टाकीकाकू. मुलगी शाळेत असताना वर्गातल्या कुणीतरी तिला नुसतंच 'टाकी' म्हणून हाक मारली, तर तिनं त्याचं दप्तर उचलून गटारात टाकलं. काकांना ते कळलं तेव्हा ते तिला रागावले नाहीत. दप्तरातली शाई संध्याकाळपर्यंत आपल्याच टाकीत येणार, एवढंच ते म्हणाले.

लोकांना वाटतं, मैलापाणी साफ करायचं म्हणजे त्यात काहीतरी औषध टाकायचं. असं कुणी म्हणालं की काकांचं टाळकं सरकत असे. "औषध कसलं डोंबलाचं? खाणारे आहेत म्हणून चाललंय," असं म्हणत ते समोरच्याला हाताला धरून लोखंडी जिन्यावरून वर टाकीच्या कठड्यापर्यंत न्यायचे. बघणाऱ्याला दिसायचं ते एवढंच, की शाळेच्या मैदानाएवढ्या हौदात तपकिरी पाणी विस्तवाशिवाय उकळतंय. खालून ब्लोअर हवा सोडायचे, त्याचे ते बुडबुडे. त्या पाण्याच्या थेंबाथेंबात डोळ्यांना न दिसणारे हजारो जीव होते. शहरातून जे काही वाहून येई त्यावर ते ताव मारायचे, खाऊन एकमेकांना चिकटायचे आणि त्यांचे मऊ पुंजके व्हायचे. हे पाणी मग शेजारच्या गोल टाकीत जाई. तिथं हवा नाही, ढवळणं नाही. पुंजके गुमान खाली बसत, वरचं नितळ पाणी नदीला जाई आणि खाली बसलेला गाळ पुन्हा पंपानं हवेच्या टाकीत येई, पोटात भूक घेऊन. तो गाळ म्हणजेच सगळं. टाकी नुसतं भांडं, असं काका म्हणायचे.

आता खाणारे म्हटले की त्यांची पोरंबाळं आलीच. रोज गाळ वाढायचा, म्हणून रोज सकाळी कोपऱ्यातला काळा व्हॉल्व्ह दोन तास उघडायचा आणि जास्तीचा गाळ वाळवणीच्या वाफ्यांवर सोडून द्यायचा. ऐकायला सोपं आहे, पण खरी विद्या या दोन तासांतच होती. कमी काढला तर टाकीत दाटी होते, खाणं तेवढंच आणि तोंडं दुप्पट, मग गाळ म्हातारा होतो. जास्त काढला तर खायला कुणी उरत नाही. नव्या माणसाला हे शिकवताना काकांचं एक वाक्य ठरलेलं असे. "गाळ कितीही छान दिसू दे, रोजचा रोज काढायचा. काढला तरच उरलेला तरुण राहतो."

आज किती काढायचा हे ते नाकानं ठरवत. चांगल्या गाळाला घाण येत नाही, नुकत्याच खणलेल्या ओल्या मातीचा वास येतो. हे कुणाला पटत नसे. काकूंनाही पहिली दोन वर्षं पटलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी प्लँटवर एक तरुण बाई लॅबमध्ये रुजू झाली. सोबत पदवी होती आणि खोक्यात घालून मांडीवर आणलेलं स्वतःचं सूक्ष्मदर्शक. आठवड्याभरात तिचं नाव भिंगवाली पडलं. काका आधी तिच्यावर खार खाऊन होते. आपण वीस वर्षं वासानं ओळखतो ते ही काचेतून काय ओळखणार? एके दिवशी तिनं त्यांना बोलावून भिंगाला डोळा लावायला सांगितलं. देठांवर डोलणाऱ्या बारीक घंटा, तोंडाशी दोन चाकं गरागरा फिरवणारे पिटुकले जीव, पुंजक्यांच्या कडेनं सरपटणारे चपटे किडे. काका अर्धा तास उठले नाहीत. ज्यांना इतकी वर्षं जेवू घातलं त्यांची तोंडं त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली होती. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. सकाळी काका वास घेऊन अंदाज सांगणार, मग ती भिंगातून बघून सांगणार, आणि ज्याचं चुकेल त्यानं चहा आणायचा. बहुतेक वेळा चहा तीच आणायची. घंटा भरपूर दिसल्या म्हणजे टाकी खुशीत, हे मात्र काका तिच्याकडून शिकले.

या टाकीची सुरुवात कशी झाली तेही सांगायला हवं. प्लँट बांधून झाला तेव्हा टाकीत मैलापाणी भरलं, हवा सोडली, आणि महिनाभर नुसता पांढरा फेस आणि दुर्गंध. खाणारेच नव्हते. दूध आपोआप नासतं, दही लावायला विरजण लागतं, तसंच हे. प्लँटवरची माणसं त्याला विरजणच म्हणत. मग प्लँटचे तेव्हाचे मोठे मिस्त्री आणि काका दुसऱ्या एका शहरातल्या जुन्या प्लँटवर गेले आणि तिथला जिवंत गाळ टँकरनं घेऊन आले. सहा तासांचा रस्ता होता. हवेशिवाय गाळ गुदमरतो, म्हणून काका टँकरवर बसून सायकलच्या पंपासारखा एक पंप हातानं मारत आले. हाताला फोड आले. लग्नाला तेव्हा चार दिवस झाले होते. घरी आल्यावर नव्या नवरीनं अंगाचा वास घेतला, कारण विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चार दिवसांत सवत आणलीत."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते घरी आले की काकू आधी पाण्याचा तांब्या द्यायच्या आणि मग विचारायच्या, "काय म्हणतेय सवत?" काका सगळं साग्रसंगीत सांगायचे. आज गाळ अर्ध्या तासात किती खाली बसला, फेस कसा होता, कुठल्या कारखान्यानं चोरून आंबट पाणी सोडलं, घंटा किती दिसल्या. काकू भाजी निवडत ऐकायच्या. अधूनमधून असा एखादा प्रश्न विचारायच्या, की भिंगवालीलाही सुचला नसता. पुढंपुढं तर त्या सदऱ्याच्या वासावरूनच सांगायच्या, "आज बिनसलंय वाटतं काहीतरी." आणि ते खरं असायचं.

मग जुना प्लँट बंद करायचं ठरलं. शहर वाढलं होतं. नदीपलीकडे पाचपट मोठा नवा प्लँट उभा राहत होता आणि भिंगवालीची बदली तिकडं झाली, तिथली टाकी सुरू करायची जबाबदारी तिच्यावर. काकांची निवृत्ती आणि जुन्या प्लँटचा शेवट एकाच महिन्यात येत होता. काकांना त्याचं फार दुःख नव्हतं. दुःख होतं ते एकाच गोष्टीचं, की हा गाळ आता वाफ्यांवर वाळून खत होणार. एकतीस वर्षं एकही दिवस हवा बंद पडू दिली नव्हती. वीज गेली तर काका घरून धावत जायचे आणि डिझेलचं इंजिन चालू करायचे. मुलीच्या लग्नातूनही एकदा ते तासभर गायब होते.

जाण्याआधी भिंगवाली स्वतःहून म्हणाली, "काका, नव्या टाकीला विरजण तुमचंच. मी साहेबांना सांगून ठेवलंय. तीन महिन्यांनी टँकर घेऊन येते."

काकांच्या जिवाचं सोनं झालं. घरी येताना त्यांनी काकूंसाठी मोगऱ्याचं रोप घेतलं, आणि ते कशासाठी हे रस्त्यात भेटलेल्या तिघांना सांगितलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे सवत माझ्या मागं राहणार तर." दोघंही हसले. तेव्हा हसायला काही वाटलं नाही.

महिन्याभरातच काकू स्वयंपाकघरात पडल्या. मेंदूत रक्त साकळलं होतं. हॉस्पिटलात नऊ दिवस त्या नळीवर होत्या. नवव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी काकांना खोलीत बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की आता आत काही उरलेलं नाही, नुसतं यंत्र चाललंय, तुम्ही म्हणत असाल तर नळी काढू. मुलगी बसमध्ये होती. तिला फोन केला तर ती रडतच म्हणाली, "बाबा, आईला त्रास नको. तुम्हाला योग्य वाटेल ते करा." काकांनी सही केली.  एकतीस वर्षं रजिस्टरवर करत होते तशीच स्वच्छ, नावाखाली रेघ ओढून. पाऊण तासात सगळं संपलं.

नंतर जो भेटेल तो हेच म्हणाला, बरं केलंत, सोडवलंत तिला. मुलगी म्हणाली, जावई म्हणाले, खुद्द डॉक्टरही म्हणाले. काकांनाही ते कळत होतं. पण कळणं वेगळं. ज्या बाईनं आपला एकही दिवस ऐकल्यावाचून सोडला नाही, तिला जा म्हणून आपण सांगितलं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. ते रडले नाहीत. लोकांना वाटलं, माणूस खंबीर आहे.

पंधराव्या दिवशी ते कामावर गेले. सवयीनं पाय कोपऱ्यातल्या व्हॉल्व्हकडे वळले. चाकावर दोन्ही हात ठेवले आणि तसेच उभे राहिले. खाली टाकीत गाळ उकळत होता, वास मातीचा येत होता, सगळं ठीक होतं. फिरवायचे होते फक्त चार आटे. ते त्यांच्यानं फिरवेनात. उद्या काढू, असं म्हणून ते खोलीत आले, आणि रजिस्टर समोर आलं तेव्हा हातानं आपला आपण रकाना भरला. गाळ काढला, दोन तास.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांना एक कारण सापडलं. नवी टाकी पाचपट मोठी आहे, तिला विरजणही तसंच घट्ट लागणार, तर आता महिना-दीड महिना न काढता साठवलेलं बरं. कारण सापडल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस त्यांच्या जागी गाळ काढणाऱ्या दुसऱ्या पाळीच्या माणसाला त्यांनी बजावलं, "व्हॉल्व्हला हात लावू नकोस. माझं मी बघतो." तो बिचारा काकांच्या शब्दाबाहेर नव्हता. लॅबच्या खोलीला कुलूप होतं. विचारणारं कुणी नव्हतं.

आपण काय करतोय हे काकांना कळत नव्हतं असं कुणी समजू नये. या टाकीबाबत त्यांना कळत नाही असं काही नव्हतंच. पण माणूस एकदा स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतकं हुशार कुणी नसतं. पहिल्या आठवड्यात काचेच्या नळकांड्यात गाळ दाट दिसला, तेव्हा ते खूश झाले. तिसऱ्या आठवड्यात गाळ झटकन खाली बसायला लागला, पण वरचं पाणी निवळेना, त्यात बारीक टाचणीच्या टोकाएवढे कण तरंगत राहिले. काका म्हणाले, हवा कमी पडत असेल, आणि त्यांनी दुसरा ब्लोअर लावला. पाचव्या आठवड्यात कोपऱ्यात तपकिरी, चरबट फेस जमला. त्यांनी पाण्याच्या फवाऱ्यानं तो मोडला. दुसऱ्या दिवशी तो दुप्पट आला. गोल टाकीत गाळाचे लपके वर यायला लागले, ते त्यांनी जाळीच्या झाऱ्यानं ओढून पुन्हा हवेच्या टाकीत टाकले. सत्तावन्न वर्षांचा माणूस दिवसभर झारा घेऊन टाकीभोवती फिरत होता. आणि रोज रजिस्टरमध्ये तेच. गाळ काढला, दोन तास.

घरीही काही वेगळं नव्हतं. मुलगी दोनदा येऊन गेली. आईच्या साड्या कुणाला तरी द्याव्यात, औषधांच्या बाटल्या तरी टाकाव्यात, असं तिनं सुचवून पाहिलं. काका म्हणाले, राहू दे, काय खातायत का त्या.

ठरल्या दिवशी सकाळी दोन टँकर आले आणि त्यांच्या मागं मोटारीतून भिंगवाली. काकांनी धुतलेला सदरा घातला होता. ती जिन्यावरून भराभर वर चढली आणि शेवटच्या पायरीवर थांबली. टाकीवर कडेपासून कडेपर्यंत वीतभर जाड फेस होता. तिनं नाकानं एकदा हवा ओढली. नाकानं ओळखायला काकांनीच तिला शिकवलं होतं.

तिनं बाटलीत गाळ घेतला, जुन्या लॅबचं कुलूप काढलं, टेबलावरची धूळ ओढणीनं पुसली, सोबत आणलेलं आपलं सूक्ष्मदर्शक मांडलं आणि भिंगाला डोळा लावला. काका दारात उभे होते. 

"काका, रजिस्टर बघू."

त्यांनी दिलं. तिनं पानं उलटली.

"रोज दोन तास काढलाय."

"लिहिलंय ना."

"लिहिलंय ते दिसतंय. काढलाय का?"

 तिनं खुर्ची मागं सरकवली. "या, तुम्हीच बघा."

काकांनी डोळा लावला. घंटा जवळजवळ नव्हत्याच. होत्या त्यांचे नुसते देठ उरले होते, वरचं तोंड गळून गेलेलं. आणि सगळीकडे बारीक फांद्या फुटलेले दोरे, पुंजक्यांतून बाहेर आलेले, एकमेकांत गुंतलेले. म्हाताऱ्या गाळात वाढणारे, फेस करणारे दोरे. एकतीस वर्षांत त्यांनी ते आपल्या टाकीत एकदाही रुजू दिले नव्हते.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"ती गेल्यापासून."

बाहेर टँकरचे ड्रायव्हर गप्पा मारत होते. भिंगवालीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला एक फोन करायचा ना काका. मी आले असते. मी काढला असता."

"नवी टाकी मोठी आहे. म्हटलं, जास्त लागेल."

"दोन टँकर लागणार होते. दोनच. बाकीचा तो आपला आपण वाढतो. हे मला कुणी शिकवलं?"

काका स्टुलावर बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "पंधरा दिवस दे मला. रोज दुप्पट काढतो. वळणावर येईल."

"येईल, मला माहीत आहे. पण परवा वीज तोडतायत इथली. आणि हे दोरे तिकडं गेले तर वर्षभर फेस हटणार नाही. मी हा नेऊ शकत नाही, काका." तिनं चष्मा पुन्हा घातला. "दुसऱ्या प्लँटवर फोन करते."

रजिस्टर तिनं मिटून त्यांच्यापुढं सरकवलं. "यात मी काही लिहीत नाही."

"लिही," काका म्हणाले. "जे आहे ते लिही." मग तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "एकदा सही केली ना बाई, तिथं. त्यानंतर हातच उचलत नाही. कुणालाच जा म्हणवत नाही."

 भिंगवालीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. टँकर रिकामेच फाटकाबाहेर पडले.

तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी करायची होती. काका म्हणाले, व्हॉल्व्ह मीच उघडतो. या वेळी उघडला, पूर्ण. दिवसभर गाळ वाफ्यांवर जात राहिला. चार वाजता ब्लोअर बंद झाले आणि एवढी शांतता झाली की दुसऱ्या पाळीचा माणूस धावत बाहेर आला. त्याआधी काकांनी एक बादली गाळ भरून बाजूला ठेवला होता. कुणी पाहिलं असेल तरी कुणी विचारलं नाही.

ती बादली न्हाणीघराच्या कोपऱ्यात आली. माशांच्या काचेच्या पेटीत लावतात तसला छोटा पंप काकांनी आणला, त्याची नळी बादलीत सोडली. खुराक म्हणून भांडी विसळलेलं पाणी. बाकीचा खुराक ते कुठून घालत, हे विचारू नये, घरात एक माणूस राहत होता एवढं पुरे. आणि रोज सकाळी, तोंड धुण्याच्याही आधी, ते एक तांब्या गाळ बादलीतून काढून मोरीत ओतायचे. पहिल्या दिवशी हात अडला. त्यांनी डोळे मिटून ओतला. दुसऱ्या दिवशी उघड्या डोळ्यांनी. फेस महिन्यानं कमी झाला, दीड महिन्यानं गेला. शेजारपाजारी कुजबुज होती की म्हातारा बादलीत काहीतरी पाळतोय. दोन महिने झाले तेव्हा एका सकाळी काका बादलीवर वाकले आणि त्यांना ओल्या मातीचा वास आला.

त्यांनी बरणी भरली आणि बस धरून नदीपलीकडे गेले.

नव्या प्लँटवर सगळं चकचकीत होतं. भिंगवाली फाटकापर्यंत त्यांना घ्यायला आली. बरणी पाहून तिनं त्यांना सरळ लॅबमध्ये नेलं आणि भिंगाखाली थेंब ठेवला. मग तिच्या तोंडावर हसू आलं, जुनं, पैज जिंकल्याचं.

"घंटाच घंटा आहेत काका. एक दोरा नाही. अगदी पूर्वीचा तुमचा."

"घालतेस?" काकांनी विचारलं. विचारताना ते उभे राहिले होते.

तिचं हसू गेलं. "आता कसं घालू? आमची टाकी चालू होऊन दोन महिने झाले. सहा महिने चाचणी आहे, बाहेरचा थेंबही टाकायचा नाही असं लिहून दिलंय." तिनं बरणीचं झाकण लावलं. "आणि आता गरज नाही हो काका."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "दाखवावा म्हणून आणला होता."

ती त्यांना टाकी दाखवायला घेऊन गेली. मोठी होती, खरंच मोठी. कठड्याला धरून काकांनी वास घेतला, फेस पाहिला. दुसऱ्या शहराचा गाळ होता, पण चांगला होता, तरणा होता. त्यात खोट काढण्यासारखं काही त्यांना सापडलं नाही.

"रोजचा काढतेस ना?"

"काढते."

"एक दिवस टाळू नकोस. कितीही कारणं सुचली तरी."

"नाही टाळणार," ती म्हणाली आणि नदीकडं बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात मुलगी आली. न्हाणीघरातली बादली तिनं याआधी पाहिली होती, पण काय आहे ते या वेळी काकांनी पहिल्यांदा नीट सांगितलं. तिनं आईसारखं मध्येमध्ये विचारत ऐकलं. मग निघताना, दारात चपला घालता घालता, ती सहज म्हणाली, "बाबा, उद्या तुम्हाला काही झालं, हॉस्पिटलात वगैरे राहावं लागलं, तर या बादलीचं मी काय करायचं? मला तर तो पंप बंद करवणार नाही."

"जा तू," काका म्हणाले. "बस चुकेल."

ती गेल्यावर ते बराच वेळ दारातच उभे राहिले. पंप कोण बंद करणार, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. कधीतरी कुणाला तरी करावा लागणार. ती करणार. एकटीच या घरात येणार, न्हाणीघरात जाणार, बटणावर बोट ठेवणार, आणि मग सगळे तिला म्हणणार, बरं केलंस. आणि ते बरं केलेलं तिला जन्मभर उरावर घेऊन फिरावं लागणार.

काका आत आले. स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून त्यांनी न्हाणीघरात बादलीजवळ मांडलं. दुपारचे तीन वाजले होते. त्यांनी पंपाचं बटण बंद केलं आणि स्टुलावर बसले. बुडबुडे थांबले. पुंजके आधी जागच्या जागी घोटाळले, मग हळूहळू खाली जायला लागले. अर्ध्या तासानं वर वीतभर पाणी इतकं नितळ झालं की बादलीच्या आतली मापाची रेघ दिसायला लागली. गाळ अजून जिवंत होता, हे त्यांना माहीत होतं. बटण अजून हाताशी होतं. हवेशिवाय तो किती तास काढतो हेही त्यांना माहीत होतं, आणि तेवढे तास ते तिथून उठले नाहीत.